दुकानातले मानकरी

'सेवा' हा शब्द आपणांस प्रथम भेटतो तो देवळात. पहाटे गाभारा धुणारा, समईत तेल घालणारा, पालखीला खांदा देणारा, हे सारे सेवेकरी. आणि त्या सेवेबद्दल त्यांच्या पदरात जे पडते त्यास मान म्हणण्याची आपली रीत आहे. इंग्रजांच्या दुकानांतही हा शब्द वावरतो, परंतु निराळ्या अर्थाने. गिऱ्हाईक आत आले की त्यास अदबीने विचारावयाचे, "आपली सेवा होत आहे ना?" म्हणजे, आपल्याकडे कोणी पाहते आहे ना? हाच प्रश्न नाव म्हणून धारण करणारी 'आर यू बीइंग सर्व्हड?' ही विनोदी मालिका बी. बी. सी. ने १९७२ ते १९८५ ह्या काळात दूरचित्रवाणीवर दाखविली. दहा पर्वे आणि ६९ भाग एवढा तिचा विस्तार आहे. चावट कोट्यांची मालिका अशी तिची ख्याती, आणि ती खोटी नाही. परंतु उन्हाळी सुटीत न्यायालये बंद असताना आम्ही तिचे पुष्कळ भाग ओळीने पाहिले, तेव्हा त्या कोट्यांच्या तळाशी आम्हांस एक गंभीर विषय दिसला. तो वाचकांपुढे ठेवावा, आणि त्याबरोबरच ह्या मालिकेवर आमचा जो एक आरोप आहे तोही मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

कथावस्तू साधी आहे. लंडन शहरात 'ग्रेस ब्रदर्स' नावाचे एक काल्पनिक, बहुमजली, जुने दुकान आहे. त्याच्या एका मजल्यावर पुरुषांच्या तयार कपड्यांचा विभाग पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेला. ८ सप्टेंबर १९७२ रोजी दाखविलेल्या पहिल्याच भागात स्त्रियांच्या कपड्यांचा विभाग ह्या मजल्यावर आणून बसविला जातो, आणि दोन संस्थानांमध्ये सरहद्दीचा तंटा सुरू होतो. मजल्यावर देखरेख करणारा कॅप्टन पीकॉक कोटाला फूल लावून हिंडतो. गिऱ्हाइकाचे स्वागत करून त्यास योग्य विक्रेत्याकडे पोचविणे एवढेच त्याचे काम. पुरुषविभागात वयोवृद्ध ग्रेंजर, त्यांच्या खाली हम्फ्रीज, आणि सर्वांत खाली नवखा लूकस. स्त्रीविभागात मिसेस स्लोकोम आणि त्यांच्या हाताखाली मिस ब्राम्स. ह्या सर्वांवर व्यवस्थापक रम्बोल्ड, ज्यास कोणतीही गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि सर्वांच्या डोक्यावर दुकानाचे धनी. ते जख्ख म्हातारे आहेत, परंतु त्यांना 'यंग मिस्टर ग्रेस' म्हणावयाचे, कारण त्यांचे थोरले बंधू अद्यापि हयात आहेत! तळघरातून सामान वर आणणारा मॅश हाही एक नोकर. दुकान उघडे असताना त्याने मजल्यावर दिसूच नये असा दंडक आहे.

आता गिऱ्हाईक येते. त्यास, समजा, हातमोजे हवे आहेत. पीकॉक ते ऐकून घेतो आणि चार पावलांवर उभ्या असलेल्या ग्रेंजरना विचारतो, "मिस्टर ग्रेंजर, आपण मोकळे आहात का?" ग्रेंजर सावकाश डावीकडे पाहतात, उजवीकडे पाहतात. मजल्यावर दुसरे चिटपाखरू नसते. तरीही तो प्रश्न हम्फ्रीजकडे सोपविला जातो, आणि हम्फ्रीज तितक्याच गांभीर्याने दोन्ही बाजू न्याहाळून गातच असल्यासारखा म्हणतो, "मी मोकळा आहे!" हे एक वाक्य त्या भूमिकेतील नट जॉन इन्मन ह्यांच्या नावाला जन्मभर चिकटून राहिले. गिऱ्हाईक मात्र तेवढा वेळ ताटकळत असते. त्यास हवे असलेले हातमोजे त्याच्या हातापासून एक वीत अंतरावर असतील, परंतु ते त्यास द्यावयाचे कोणी ह्याचा क्रम चुकता कामा नये.

आमच्या वाचकांस हा देखावा परका वाटण्याचे कारण नाही. पालखीच्या वेळी पहिला नारळ कोणाचा, प्रसाद प्रथम कोणाच्या ओंजळीत पडावयाचा, अब्दागीर कोणी धरावयाची, ह्यांवरून महाजनांमध्ये जे वाद होतात, त्यांतील काही थेट न्यायालयाच्या पायरीपर्यंत येतात हे आम्ही व्यवसायाच्या निमित्ताने पाहत आलो आहो. बाहेरच्या माणसास ते हास्यास्पद वाटतात. परंतु आत उभ्या असलेल्या माणसाला त्या नारळात आपले घराणे दिसत असते. ग्रेस ब्रदर्सच्या मजल्यावरही हेच चालते. मधल्या मांडणीच्या जागेवर कोणाचा माल असावा, कोणी कोणास कोणत्या स्वरात हाक मारावी, ह्यांवरून तेथे जे रणकंदन होते त्यात प्रत्येकाची प्रतिष्ठा पणास लागलेली असते.

भेद आहे तो एवढाच. देवळातील मानकऱ्याला देवळाबाहेर घर असते, शेत असते, नाव असते. ग्रेस ब्रदर्सच्या मानकऱ्यांना बाहेर काहीच नाही. मिसेस स्लोकोम आपल्या केसांचा रंग वारंवार बदलतात, उच्चकुलीन बोलण्याचा आव आणतात आणि रागावल्या की त्यांची मूळ बोली उसळून वर येते. घरी त्यांची वाट पाहणारे एक मांजर तेवढे आहे. पीकॉक आपल्या युद्धातील पराक्रमाच्या कथा सांगतो, परंतु त्या मोहिमेत त्याचा वाटा रसद पुरविण्यापलीकडे नव्हता असा संशय सर्वांस आहे. ज्यांचा पगार तुटपुंजा, ज्यांचे उद्याचे भवितव्य धन्याच्या लहरीवर अवलंबून, ती माणसे उरलेल्या एकाच गोष्टीला कवटाळतात. ती म्हणजे आपल्याहून एक पायरी खाली उभा असलेला माणूस. आमच्या मते ह्या मालिकेचे खरे यश येथे आहे. आपल्या पात्रांच्या मानाच्या वेडाला ती हसते, आणि ते वेड कोठून आले हेही प्रत्येक वेळी, न बोलता, दाखवून ठेवते.

ह्या उतरंडीच्या तळाशी लूकस उभा आहे. कामाच्या जागेवरील विनोदी कथेत असा एक नवखा लागतोच. कारण घरातल्यांना जे नित्याचे झालेले असते ते विचित्र आहे, हे ओळखावयास बाहेरचे डोळे हवेत. लेखकद्वयांपैकी जेरेमी लॉइड ह्यांनी तारुण्यात पिकॅडिलीतील 'सिम्प्सन्स' ह्या प्रसिद्ध कपड्यांच्या दुकानात कनिष्ठ विक्रेत्याचे काम केले होते, आणि डेव्हिड क्रॉफ्ट ह्यांच्या जोडीने ही मालिका लिहिताना तो अनुभव त्यांच्या हाताशी होता. लूकसची उशिरा येण्याची सवय, वरिष्ठांच्या पाठीमागे काढलेले उद्गार, गिऱ्हाइकाच्या अंगावर न बसणारा कोट मागून मुठीत धरून 'बसला, बसला' म्हणण्याची चलाखी, हे सारे आतून पाहिलेल्या माणसाचे लेखन आहे.

आम्ही वकिलीस लागलो तेव्हा वकीलकक्षात एक खुर्ची होती. तिच्यावर कोणी बसू नये असा लेखी नियम कोठेही नव्हता. तरी पहिल्या आठवड्यात आम्ही तिच्यावर बसलो आणि सारा कक्ष एकाएकी स्तब्ध झाला. ती खुर्ची ज्यांची, ते ज्येष्ठ वकील त्या दिवशी बाहेरगावी होते! तो नियम आम्हांस त्या शांततेने शिकविला. परंतु आमची स्थिती लूकसपेक्षा बरी होती. वकिलाच्या कनिष्ठाला, त्याने कष्ट केले तर, पुढे कधीतरी ती खुर्ची मिळण्याचा संभव असतो. लूकस सात पर्वे, म्हणजे १९७९ पर्यंत, त्या मजल्यावर राहिला आणि पहिल्या दिवशी जेथे उभा होता तेथेच अखेरपर्यंत उभा राहिला. बॅनिस्टर हे नट मालिका सोडून गेल्यावर १९८१ मध्ये त्याच जागी स्पूनर नावाचा दुसरा कनिष्ठ आणून उभा करण्यात आला. वरच्या पायरीचीही हीच गत. ग्रेंजरची भूमिका करणारे आर्थर ब्रो १९७८ साली निवर्तले. दुकानात ज्येष्ठाची जागा रिकामी झाली. सेवाज्येष्ठतेने ती हम्फ्रीजची. परंतु बाहेरून टेब्स नावाचे गृहस्थ आणले गेले, आणि पुढल्या पर्वात गोल्डबर्ग. विनोदी मालिकेला आपली बैठक मोडता येत नाही हे त्याचे तांत्रिक कारण आम्हांस समजते. परंतु कलेची अडचण कधी कधी जीवनाचे सत्य सांगून जाते. दुकानातल्या नोकराला वर चढावयास जिना नसतो, हे मालिकेने कदाचित न ठरविता सिद्ध केले.

१९७७ साली ह्याच मंडळींना घेऊन एक चित्रपट निघाला. त्यात सारेजण परदेशी समुद्रकाठी सुटीवर जातात. नट तेच, लेखक तेच, कोट्या त्याच. तरी तो फिका पडला असे आमचे मत आहे. काउंटर गेला, मजला गेला, आणि त्यांच्याबरोबर ज्यासाठी भांडावयाचे तो मानही गेला.

दोषांकडे वळावयास हवे. मालिकेतील कोट्या पुष्कळदा एकाच खुंटीवर टांगलेल्या आहेत. मिसेस स्लोकोम ह्यांच्या मांजरावरील श्लेष पहिल्यांदा हसवितो, दहाव्यांदा हसवीत नाही, आणि चाळिसाव्यांदा लेखकाची कीव येते. मिस ब्राम्सकडे पाहण्याची पुरुषमंडळींची दृष्टी आज कोणाही सुसंस्कृत प्रेक्षकास खटकेल, आणि खटकावयास हवी. हम्फ्रीजविषयी मात्र आमचे मत द्विधा आहे. त्याची नाजूक चाल आणि बायकी सूर ह्यांवर प्रेक्षक हसतात. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांची ती टवाळी आहे असा आक्षेप त्या काळी इंग्लंडातील तशा संघटनांनी घेतला होता, आणि तो निराधार म्हणता येणार नाही. परंतु मालिका नीट पाहिली तर असे दिसते की त्या मजल्यावर कोणाचा हेवा न करणारा, कोणास खाली न लोटणारा आणि आपल्या कामात खरोखर निष्णात असा तो एकच मनुष्य आहे. हास्य त्याच्या वाट्यास पुष्कळ आले, तिरस्कार आला नाही. लेखकांनी त्याचे सोंग दूरच्या प्रेक्षकांसाठी रंगविले, आणि त्याचा स्वभाव मात्र जवळून न्याहाळणाऱ्यांसाठी लिहिला.

आता आमचा मुख्य आरोप. तो धन्याविषयी आहे. यंग मिस्टर ग्रेस भागाच्या शेवटाकडे एका परिचारिकेच्या आणि एका तरुण चिटणीस बाईंच्या आधाराने मजल्यावर येतात, थरथरता हात वर करतात आणि म्हणतात, "तुम्ही सर्वांनी फार छान काम केलेत!" नोकर रांगेत उभे राहून आभार मानतात. प्रेक्षक प्रेमाने हसतात. १९७४ च्या 'कोल्ड कम्फर्ट' नावाच्या भागात इंधनटंचाईमुळे दुकान गारठलेले आहे. त्या वर्षी जानेवारी ते मार्च ह्या काळात इंग्लंडात वीज वाचविण्यासाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालविण्याचा हुकूम होता, म्हणजे प्रसंग खराच आहे. नोकर कुडकुडतात आणि आपण त्यांच्या कुडकुडण्याला हसतो. पीकॉकच्या पोकळ तोऱ्याला, रम्बोल्डच्या मंदबुद्धीला, स्लोकोमबाईंच्या केसांना मालिका क्षमा करीत नाही. सर्वांत वरच्या माणसाला मात्र ती म्हातारपणाच्या सबबीवर सोडून देते. उपहासाची काठी गड्यांच्या पाठीवर, आणि धन्याच्या हाती फक्त श्रीफळ! न्यायासनाने असा निवाडा दिला असता तर आम्ही त्याविरुद्ध अपील केले असते.

आरोप अतिरेकी वाटू नये म्हणून पुढची हकीगत सांगतो. १९९२ आणि १९९३ साली ह्याच लेखकांनी 'ग्रेस अँड फेवर' ही उत्तरकथा लिहिली. धनी वारले आहेत, दुकान बंद झाले आहे, आणि नोकरांना कळते की त्यांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा धन्यांनी खेड्यातील एका जुन्या वाड्यात अडकवून ठेवला होता. हातात पैसा येत नाही; तेव्हा ती म्हातारी होत चाललेली मंडळी त्या वाड्यात राहावयास जातात आणि तेथे खाणावळ चालवितात. जन्मभर 'आपली सेवा होत आहे ना?' विचारीत आलेली माणसे निवृत्तीनंतरही सेवेतच! ह्याहून कडू विनोद सुचणे कठीण. विशेष हे की नोव्हेंबर १९९१ मध्ये वृत्तपत्रांचे बडे मालक रॉबर्ट मॅक्सवेल वारले, तेव्हा त्यांच्या कामगारांच्या निवृत्तिवेतन-निधीतील कोट्यवधी पौंड नाहीसे झाल्याचे उघडकीस आले होते. त्यातूनच पुढे १९९५ चा इंग्लंडातील निवृत्तिवेतन कायदा आला. लेखकांच्या हाती जळता निखारा होता. त्यांनी त्यावर शेकून घेतले आणि गाईगुरांच्या गमती सुरू केल्या.

काळाने मात्र तो प्रसंग पुन्हा, रंगभूमीबाहेर, करून दाखविला. 'ब्रिटिश होम स्टोअर्स' हे १९२८ साली स्थापन झालेले, गावोगावच्या मुख्य पेठेतील खरेखुरे दुकान. मार्च २०१५ मध्ये त्याच्या धन्याने ते एका पौंडाला विकून टाकले. वर्ष उलटून थोड्याच काळात दिवाळे वाजले. सुमारे ११,००० लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि निवृत्तिवेतन-निधीत भलेमोठे भगदाड असल्याचे दिसून आले. संसदेत आणि बाहेर ओरड झाली, तेव्हा २०१७ साली पूर्वीच्या धन्याने त्या निधीत ३६ कोटी ३० लक्ष पौंड भरण्याचे मान्य केले. ह्या दुकानाच्या अखेरच्या शाखांची दारे २८ ऑगस्ट २०१६ रोजी कायमची मिटली. आणि त्याच दिवशी, २८ ऑगस्ट २०१६ रोजी, बी. बी. सी. ने नव्या नटसंचात 'आर यू बीइंग सर्व्हड?' चा एक नवा भाग दाखविला! त्यात काळ १९८८ चा कल्पिला आहे. दुकानात कॉन्वे नावाचा एक नवखा पोऱ्या कामास लागतो, आणि जुनी मंडळी पुनश्च तेच 'आपण मोकळे आहात का?' विचारतात. दिवसा खऱ्या मजल्यावरचे नोकर खरोखरच मोकळे झाले होते. त्या योगायोगाला कोणी जबाबदार नाही. तरी तो मनातून जात नाही.

आपल्या विनोदाकडे पाहिले तर काय दिसते? चिं. वि. जोशी ह्यांनी बडोद्यास राहून चिमणराव ह्या कारकुनास अमर केले. पु. ल. देशपांडे ह्यांनी पुण्याच्या दुकानदारास त्याच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहिले आणि महाराष्ट्रास पोट धरून हसविले. परंतु काउंटरच्या पलीकडे, दुकानदाराच्या हाताखाली, दिवसभर कापडाचे तागे उलगडून पुन्हा घड्या घालणारा नोकर आमच्या माहितीच्या विनोदी वाङ्मयात क्वचितच नायक झाला. त्या बाजूने पाहता, एवढे दोष असूनही, ही इंग्रजी मालिका आम्हांस काही शिकवून जाते.

आणखी एक गोष्ट. ग्रेस ब्रदर्सच्या मजल्यावर नोकर बहुतेक वेळ उभे असतात. विक्रेत्या स्त्रियांच्या उभे राहण्याने त्यांच्या प्रकृतीची हानी होते म्हणून इंग्लंडात १८९९ सालीच कायदा झाला, आणि दर तीन स्त्री-नोकरांमागे निदान एक आसन ठेवणे दुकानदारावर बंधनकारक झाले. आपल्याकडे कोळिकोडच्या दुकानांतील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि २०१८ साली केरळने तसा कायदा केला. २०२१ मध्ये तमिळनाडूने त्याचा कित्ता गिरविला. आपल्या जुन्या कापडदुकानांत ही अडचणच नव्हती. पांढऱ्या गादीवर गिऱ्हाईक बसे, समोर गुमास्ता बसे, आणि दोघांच्या मध्ये लुगड्यांचा ढीग पडे. गादी जाऊन काचेचा काउंटर आला, तेव्हा गिऱ्हाइकासाठी खुर्ची आली आणि गुमास्ता उभा राहिला.

येत्या चतुर्थीच्या खरेदीस वाचक मडगावच्या, बेळगावच्या किंवा इंदूरच्या पेठेत जातील. वीस साड्या उलगडून दाखविणाऱ्या मुलीला एकविसावी मागण्यापूर्वी, काउंटरच्या मागे एखादे स्टूल आहे की नाही एवढे त्यांनी डोकावून पाहावे. नसेल, तर गल्ल्यावर बसलेल्या शेठजींना त्याविषयी विचारावे. आम्ही मागल्या महिन्यात विचारले. शेठजी हसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, ही मुले फार चांगले काम करतात हो!"